लोकरीच्या सपाता

१

स्पेनमधल्या ग्रानादातल्या त्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा घरमालकीण रेमेने माझ्या हातात सगळ्यात आधी ठेवल्या त्या सपाता. मरून चौकडीच्या, आतून लोकरीच्या, टाच झाकणाऱ्या. पाणी नंतर, खोली नंतर, किल्ली तर सगळ्यात शेवटी.

"इथे अनवाणी फिरायचं नाही हं, पोरी," ती म्हणाली. "फरशीतली थंडी तळपायातून शिरते ती थेट डोक्यात जाते. मग डॉक्टर शोधत मी हिंडायचं."

मी विस्कॉन्सिनची. आमच्याकडे हिवाळ्यात तळी इतकी गोठतात की त्यांवरून ट्रक नेतात. घरात शिरताना बूट दारात काढायचे आणि आत अनवाणी हुंदडायचं, ही आमची रीत. मला थंडी शिकवणारी ही कोण, असं मनात आलं. पण मी हसले आणि सपाता घातल्या. हसायचं आणि घालायचं, हे आम्हाला पढवूनच धाडलं होतं.

पढवणारा ग्रेडी. परदेशात वर्षभर शिकायच्या आमच्या अभ्यासक्रमाचा इथला प्रमुख. मूळचा ओहायोचा, पण ह्या गावात इतका मुरलेला की उन्हाळ्यातही गळ्यात रुमाल आणि वाक्यावाक्याला खांदे उडवणं. मला नुसतं ग्रेडी म्हणा, सर नको, असा त्याचा आग्रह असे. पहिल्याच दिवशी त्याने फळ्यावर एक दरी काढली. अलीकडच्या काठावर लिहिलं 'कौतुक', तळाशी लिहिलं 'राग', आणि पलीकडच्या काठावर 'सवय'. परदेशी राहायला आलेला प्रत्येक जण ह्याच वाटेने जातो म्हणे. राग आला की खूश व्हायचं, कारण त्याचा अर्थ गाडी रुळावर आहे.

थोर माणूस. त्या एका चित्रात त्याने आमच्या सगळ्या तक्रारी जन्माला यायच्या आधीच पुरून टाकल्या. घरात उंदीर निघाला? तू तळाशी आहेस. मालकीण तुझ्या कपाटात हात घालते? तळाशी आहेस, पोरी, हळूहळू सवय होईल.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती मी गाठीला बांधून ठेवली. इथली माणसं अंगाला अंग लागलं तरी सरकत नाहीत. बोलताना दंड धरतात, गालाला गाल लावतात. "तुम्ही लगेच आक्रसून मागे होऊ नका," तो म्हणाला होता. "त्यांना वाईट वाटतं."

मला कुणाला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, कारण मला परत जायचं नव्हतं. आमच्या गावात बाबांचं पशुखाद्याचं दुकान आहे. मी निघाले तेव्हा ते गाडीपर्यंतही आले नाहीत. गल्ल्यामागूनच म्हणाले, "तिकडे जाऊन काय दिवे लावणार आहेस? नाताळाच्या आत तोंड पाडून येशील." वर्ष पुरं झालं तर पदवी हातात पडणार होती. मध्येच परत पाठवलं गेलं तर वर्ष बुडालं, आणि मग तो गल्ला, ती पोती आणि मी, जन्माची गाठ. आमच्या गावात एकदा परत आलेलं माणूस पुन्हा बाहेर पडत नाही.

तेव्हा मारेन टॉलेफसन, म्हणजे मी, सपाता घालून राहायला लागले.

२

थंडी पडली आणि रेमेने टेबल सजवलं.

ते टेबल त्या घराचा जीव होता. गोल, बुटकं, आणि त्यावर गोधडीएवढं जाड हिरवं कापड, चहूबाजूंनी जमिनीला टेकलेलं. आत, पायांच्या मधोमध, विजेची शेगडी. खुर्चीवर बसायचं, कापड उचलून मांडीवर ओढायचं आणि पाय आत सोडायचे. बाकीचं घर मग कितीही गारठलेलं असो. त्या गावातले लोक सगळा हिवाळा असे टेबलाच्या पोटात पाय घालून काढतात. घर गरम करणं त्यांना उधळपट्टी वाटते.

आम्ही दोघीच. रेमे साठी उलटलेली, शाळेच्या खानावळीतून निवृत्त झालेली. नवरा आल्मेरियात दुसरीबरोबर राहतो आणि दुर्दैवाने ठणठणीत आहे, असं तीच सांगायची. दुपारचं जेवण त्याच टेबलावर व्हायचं. मसुराची आमटी, पाव, शेवटी संत्रं. साल न तोडता संत्रं सोलायची तिची हातोटी होती. मग टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागायची. रेमे मोठ्याने उत्तरं द्यायची, ती चुकायची, आणि चूक टीव्हीवाल्यांची आहे असं ती मला पटवून द्यायची. मला ती बाई आवडायला लागली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी तिला काय काय बोलले ते येणारच आहे.

एका दुपारी संत्रं सोलता सोलता ती म्हणाली, "तुझे पाय केवढे गार गं. सपाता घाल की."

माझ्या पायांत सपाताच होत्या. माझं स्पॅनिश तेव्हा लंगडंच होतं, म्हणून मला वाटलं, मीच काहीतरी भलतं ऐकलं. मी 'हो' म्हटलं आणि पाय जवळ ओढून घेतले. रेमेनेही मान हलवली. विषय संपला.

त्यानंतर काही दिवसांनी, प्रश्नमंजूषा रंगात आलेली असताना, एक पाय येऊन माझ्या पायावर टेकला.

सपातेच्या वर, घोट्यापाशी. अनवाणी. शेगडी ढणढणत असतानाही तो पाय नळाच्या पाण्याइतका गार होता. मी रेमेकडे पाहिलं. ती टीव्हीला शिव्या घालत होती. मला वाटलं, वा गं बाई, मला सपातांचं प्रवचन आणि स्वतः मात्र टेबलाखाली सपाता काढून बसायचं. वाटलं, माझ्या पायाची ऊब घेते आहे. म्हाताऱ्या माणसांचे पाय गार असतातच.

मी पाय काढून घेणार होते. मग ग्रेडीचं वाक्य आठवलं. मी आक्रसले नाही. पाय तसाच राहू दिला आणि टीव्हीकडे बघून हसले. त्या पायाची बोटं थोडी हलली आणि माझ्या घोट्याला नीट बसली.

पुढचे कितीतरी दिवस मी तो पाय रोज तसाच राहू दिला. रीत समजून.

३

जेवणानंतर वामकुक्षी. ह्या बाबतीत त्या गावात कुणाची गय नाही. रेमे खिडक्यांवरची शटरं दोरी सोडून खाली घ्यायची आणि भर दुपारी घरात असा काळोख व्हायचा की स्वतःचा हात दिसू नये. शेगडी बंद, टीव्ही बंद, नळ बंद. दोघी आपापल्या खोलीत. मला दुपारी झोप येत नसे. मी पडून छताकडे, म्हणजे काळोखाकडे, बघत राहायचे.

तेव्हा पावलं वाजायची. अनवाणी पाऊल फरशीवरून उचललं जाताना जो बारीक चिकट आवाज येतो, तो. चप. चप. बोळातून सावकाश जायची, माझ्या दारापाशी थोडी थांबायची, मग बैठकीच्या खोलीकडे. मी मनात म्हणायचे, ही बाई कपटी आहे. दिवसभर माझ्या पायांवर पाळत आणि मी झोपले असं वाटलं की स्वतः अनवाणी हिंडते.

मी काही बोलले नाही. बोलली ती.

"काल पुन्हा दुपारभर अनवाणी फिरत होतीस," सकाळी कॉफी ओतताना ती म्हणाली. आवाजात मसूर करपल्यासारखं काहीतरी होतं. "मला झोप लागत नाही त्या चपचपीने. परवा पण. मी किती वेळा सांगायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मी खोलीतून हललेदेखील नाही. ती म्हणाली, मग काय मी? मी म्हटलं, अर्थात तुम्ही. तिने कपबशी आपटली. ह्या घरात तिने आजवर अनवाणी पाऊल टाकलेलं नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही, असं तिने मला ऐकवलं. आणि मी खोटारडी आहे असं शेवटी जोडलं.

तिने ग्रेडीला फोन केला. ग्रेडीने मला बोलावून घेतलं.

त्याच्या खोलीत झाडं फार होती. माझं बोलणं तो कपाळाला आठी न घालता ऐकत होता, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. आपण अमेरिकन अनवाणी चालतो ते आपल्याला कळतही नाही, तो म्हणाला. तोही पूर्वी तसाच होता, बायकोने सवय मोडली. आणि राग येतोय, हे छानच.

"मी चाललेच नाहीये," मी म्हटलं.

"बरं, नसशील. तरी माफी माग. तुझं काय जातं?"

मी जाऊन माफी मागितली. न केलेल्या गोष्टीची. रेमेने गालाला गाल लावले, मसुरात चोरिसोचे, म्हणजे तिखट सॉसेजचे, दोन तुकडे जास्त घातले, आणि त्या दुपारी टेबलाखाली तो पाय पुन्हा येऊन टेकला. मला वाटलं, समेट झाला.

४

पण माफी मागितल्यापासून मला झोप तर सोडाच, बसवतही नव्हतं. दुसरा चालतो आणि चोर मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातली गत. ठरवलं, हिला रंगेहाथ पकडायचं.

त्या दुपारी मी बूट घालून पलंगावर पडले. डोंगरात चालायचे, घोट्याच्या वर नाड्या बांधलेले. काळोखात कान लावून राहिले. पलीकडच्या खोलीतून रेमेचं घोरणं यायला लागलं. लाकूड हळू कापत जावं तसं ती घोरायची.

पावलं आली तेव्हा घोरणं चालूच होतं.

हे मला कळलं, पण कळूनही मी मानलं नाही. आवाज भिंतीतून कसेही येतात. खालच्या मजल्यावरचं कुणी असेल. पाण्याचा पाइप असेल. घोरणंच मुळात खालचं असेल, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. रागावलेल्या माणसाला आपलं म्हणणं खरं करायचं असतं, त्याला खोटं ठरवणारे कान नको असतात.

पावलं दारापाशी थांबली. मी उठून दार उघडलं आणि बोळातला दिवा लावला.

कुणी नव्हतं. फरशीवर ओले ठसे होते. आरशावर वाफ धरावी आणि विरत जावी, तसे कडांनी आत आत सुकत चाललेले. न्हाणीघराकडून आलेले नव्हते. माझ्या दारासमोरूनच सुरू झाले होते आणि बैठकीच्या खोलीकडे गेले होते. परत आलेले ठसे नव्हते. बोटं दिसत होती, चवडा दिसत होता. टाच कुठेच उमटली नव्हती.

मी त्यांच्यामागून गेले. आजही मला वाटतं, भीती वाटायला हवी होती. पण मला वाटत होता तो फक्त विजय. शेवटचा ठसा टेबलाच्या कापडाला अर्धा टेकलेला होता, अर्धा आत. मी वाकले आणि कापडाची कड धरली. आतून ऊब येत नव्हती, शेगडी बंद होती. आतून गारवा येत होता, फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा.

"हे बघ," मागून रेमे म्हणाली.

ती दारात उभी होती, केस विस्कटलेले, पायांत सपाता. बोळातल्या ठशांकडे बोट दाखवत होती. मी माझे बूट दाखवले. नाड्या दाखवल्या. ती म्हणाली, आत्ता घातलेस, मूर्ख समजतेस का मला. मी तिला म्हातारी चेटकीण म्हटलं. स्पॅनिशमध्ये शिव्या द्यायला मी फार लवकर शिकले होते, आणि त्या सगळ्या तिच्याकडूनच.

तिने माझ्यासमोरच ग्रेडीला पुन्हा फोन लावला. संध्याकाळी मी त्याला फोन करून ठसे सांगितले, टाच नव्हती तेही सांगितलं, आणि टेबलाखालचा गारवाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला की गुरुवारी तो स्वतः जेवायला येईल, आणि मी परत जाणं बरं की नाही, ते तेव्हा शांतपणे ठरवू. तिकिटाची सोय तो करेल.

मला बाबांचा गल्ला दिसला. गल्ल्यामागे उभी असलेली मी पण दिसले.

५

बुधवारी जेवताना आम्ही बोलत नव्हतो. टीव्ही लावलेला होता, पण रेमे उत्तरं देत नव्हती. मी मुद्दाम खुर्ची तिरकी करून बसले होते, पाय कापडाच्या बाहेर, बुटांसकट. तिच्या शेगडीची ऊबसुद्धा मला नको होती.

संत्र्याची साल मध्येच तुटली. तिने सुरी खाली ठेवली.

"काढ तो पाय," ती म्हणाली. "निदान आज तरी काढ."

"कुठला पाय?"

"किती दिवस सहन करतेय मी. रोज जेवताना तुझे ते गार पाय माझ्या पायांवर. मी कधी बोलले? त्या ग्रेडीने बजावलं होतं, पोरी घरच्या आठवणीने कासावीस होतात, कधी बिलगल्या तर लोटू नका. म्हटलं, आईपासून लांब आहे, तिच्याकडची रीत असेल. राहू दे. पण मला चेटकीण म्हणून वर माझ्याच पायांची ऊब घ्यायची?"

मी खुर्ची अजून थोडी मागे सरकवली आणि दोन्ही पाय तिला दिसतील असे पुढे धरले. चिखल लागलेले बूट. नाड्या बांधलेल्या.

रेमेने बुटांकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग हळूहळू तिची नजर स्वतःच्या मांडीवरच्या कापडावर गेली आणि तिथेच राहिली. टीव्हीवर कुणीतरी बक्षीस जिंकलं.

"सेन्योरा," मी म्हटलं, "माझ्याही पायावर असतो. रोज. मला वाटलं तुमचा."

"माझा कशाला असेल?"

"मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत."

"मला वाटलं, तुमच्याकडची," रेमे म्हणाली.

ती उठली. सावकाश, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा तसा एक एक पाय काढून घेत. मी तिचा दंड धरला. आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. तिच्या बाजूचं कापड खाली पडून सपाट झालं. माझ्या बाजूचं सपाट होतंच. पण बाल्कनीकडच्या बाजूला, जिथे खुर्ची नव्हती, तिथे ते कापड दोन गुडघ्यांवर ओढून घ्यावं तसं फुगलेलं होतं. आम्ही बघत असताना ते थोडं हललं. बसलेल्या माणसाने पाय जवळ घ्यावेत, तसं.

स्वयंपाकघरात आल्यावर रेमे रडली. भीतीने नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे ब्रिन नावाची मुलगी होती. तिच्याही तक्रारी रेमेने केल्या होत्या, अनवाणी चालते म्हणून. "ती पण म्हणायची, मी नाही. रडून सांगायची," रेमे म्हणाली. "आणि मी म्हणायचे, मग कोण? ग्रेडी म्हणाला, होतं असं, काही पोरींना नाही जमत. पाठवून दिली तिला. त्या पोरीचं वर्ष मी खाल्लं."

मी तिला म्हटलं की वर्ष तुम्ही नाही खाल्लंत. त्या क्षणी माझा राग सगळा गोळा होऊन एका जागी गेला, आणि ती जागा हे घर नव्हती. ब्रिनने ग्रेडीला सांगितलं असणार. गारवा सांगितला असणार, कदाचित टाच नसल्याचंही. मी सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला होता ना. त्याने ते आधी ऐकलेलं होतं. ऐकून त्याने तिला फळ्यावरच्या दरीत लोटलं आणि तिच्या जागी, तिच्याच पलंगावर, मला आणून ठेवलं.

ह्या घरात कुणी मेलं होतं का, हे मी विचारलं. नाही. इमारत नवी, रेमेच पहिली मालकीण. आणखी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

शेगडी चालूच राहिली. तिचं बटण टेबलाखाली, वायरीवर होतं.

६

गुरुवारी ग्रेडी आला तो मिठाईचा खोका घेऊन, नव्या रुमालात. रेमेने त्याला दारातच थांबवलं. बैठकीच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात बसू, असं ती म्हणाली, आणि का ते तिने त्याला सांगितलं. काल आम्ही पाहिलं ते सगळं, न घाबरता, बाजारभाव सांगावा तसं. तो तिचा हात दोन्ही हातांत घेऊन ऐकत होता. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, बिचाऱ्या म्हातारीलाही तू नादी लावलंस.

"थंडीत स्वयंपाकघरात?" तो म्हणाला. "सेन्योरा, ह्या टेबलासाठी तर मी ह्या देशात राहिलो."

आणि गेला. मी त्याला अडवलं नाही. दोनदा सांगून झालं होतं, फोनवर एकदा आणि दारात एकदा. तिसऱ्यांदा सांगायची माझी इच्छा नव्हती.

खोली गरम होती. शेगडी काल दुपारपासून जळत होती. एरवी बोळातला दिवा चालू राहिला तरी बडबडणारी रेमे त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. ग्रेडी 'वा' म्हणाला, खुर्ची ओढली, इथल्या माणसासारखं सराईतपणे कापड उचलून मांडीवर घेतलं आणि पाय आत सोडले. बाल्कनीचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर लख्ख दुपार होती, कुणीतरी खालच्या अंगणात गालिचा झोडपत होतं.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. रेमे माझ्या मागे, हातात कॉफीचं भांडं.

तो टेबलावर ठेवलेल्या खोक्याची दोरी सोडवायला मान खाली घालून वाकला आणि बोलायला लागला. माझ्याबद्दल त्याला फार आपुलकी आहे. ह्यात कुणाचा दोष नाही. प्रत्येकाला हे जमतंच असं नाही, आणि परत जाण्यात हार मानण्यासारखं काही नसतं. नाताळ घरी करावा, बाबांनाही बरं वाटेल. शनिवारचं विमान आहे. दोरीची गाठ घट्ट होती. तो नखांनी ती सोडवत होता, आणि बोलता बोलता हसला.

"आणि मारेन, पाय काढ गं. केवढे गार आहेत. ह्याच्यावरूनच तर सगळं रामायण झालं ना?"

रेमेने हातातलं कॉफीचं भांडं हळूच फरशीवर ठेवलं.

गाठ सुटली. त्याने मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. शेजारची रिकामी होती. मग त्याला आम्ही दिसलो, दारात, दोघी. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि रेमेच्या सपातांकडे पाहिलं. ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं. त्याला ते पुसायचं सुचलं नाही.

त्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि खुर्ची मागे रेटली. खुर्ची फरशीवर कुरकुरली, पण हलली नाही. पलीकडच्या बाजूला, बाल्कनीच्या उजेडात, हिरवं कापड जरा वर झालं आणि जरा पुढे सरकलं. कड जमिनीपासून उचलली गेली. तिच्याखाली मला चवडा दिसला, आणि त्या चवड्यावरच सगळा भार, आणि टाच जिथे असावी तिथे काय होतं ते मी पुरतं पाहिलं नाही. रेमेने मागून माझे डोळे झाकले होते.

"दुसराही ठेवला," ग्रेडी म्हणाला. अगदी हळू, आणि स्पॅनिशमध्ये नाही. आमच्या भाषेत, ओहायोच्या उच्चारात. "मारेन. दुसराही पाय ठेवला."

मी रेमेचा हात बाजूला केला. त्याचा रुमाल गळ्याशी ओला झाला होता. खालच्या अंगणातली झोडपणी थांबली होती. मी वळले असावे, नक्की आठवत नाही, निदान त्याला वाटलं मी वळतेय.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "मारेन, तू कुठे जाऊ नकोस."

ह्या एका वाक्यासाठी मी किती नाक घासलं होतं. न केलेल्या गोष्टीची माफी मागितली होती, गारठलेला घोटा निमूट तिथेच ठेवला होता. ब्रिननेही तेच केलं असेल. मला त्याची दया यायला हवी होती, आणि कुठेतरी आलीही. पण ती रागाच्या फार खाली होती, फळ्यावरच्या त्या दरीच्या तळाच्याही खाली.

"पाय ओढू नका, ग्रेडी," मी म्हटलं. "त्यांना वाईट वाटतं."